दादांचे दोन घोट

१० नोव्हेंबर, सोमवार

दादांनी आज पुन्हा ताट सरकवलं. वरणात मुरवलेली चतकोर भाकर तशीच. म्हणाले, "रंगा, माती खाल्ल्यावानी लागतंय रे."

आणि हे दादा म्हणतात. माझा थोरला भाऊ. उभा जन्म आचारी. औंढा, सेनगाव, कळमनुरी, कुठलं लग्न अन् कुठला भंडारा त्यांच्या हाताशिवाय झाला नाही. आतड्याचं ऑपरेशन झालं, मग सलाईनच्या फेऱ्या, त्यात जीभ गेली. रोग शांत आहे म्हणतात डॉक्टर. आता पोट भरलं पाहिजे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नांदेडला वजन बघणार. आणखी उतरलं तर भरती, आणि नाकातून नळी. मागच्या खेपेला दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दादांनी माझं मनगट धरलं. "नळी घालू देऊ नको." एवढंच.

सायंकाळी प्रशांत आला, पुण्याहून. दादांचा एकुलता. तिथं एका हॉटेलात स्वयंपाकघरात आहे. पिशवीतून बाटली काढली. लाल वाईन. डॉक्टरांना फोन करून विचारलंय म्हणे. जेवणाआधी दोन घोट चालतील, त्यावर थेंब नाही. भूक उघडते.

गळ्यात माळ आहे माझ्या. बाटली माझ्या घरात. सौ.नं विचारलं, "ठेवायची कुठं हे?" गिरणीच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांमागं.

११ नोव्हें., मंगळवार

प्र.नं बाटलीचं बूच मळसूत्राच्या खिळ्यानं ओढून काढलं. कपात थोडी ओतली. दादांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "चिंचेचा कोळ गंजक्या तव्यात उकळलाय कुनी."

प्र. हसला. मग डबीतून एक वस्तू काढली. तळहाताएवढी, अर्धी काच, अर्धं रबर. एरेटर म्हणतात. सौ. म्हणाली, "नरसाळं हाय की." तेच नाव पडलं. बाटलीच्या तोंडाला बसवायचं. बाजूला बारीक भोक. ओतू लागलं की त्या भोकातून हवा आत ओढली जाते, बुड-बुड-बुड वाजतं, आणि वाईन फेसाळत कपात उतरते.

"कोंडून असते ती बाटलीत, काका. हवा लागली की मोकळी होते. नुसती कपात तासभर ठेवली तरी होते, पण बाबांना तेवढा दम कुठं."

दादांनी दुसरा घोट घेतला तो गिळलाच नाही लवकर. तोंडात फिरवत राहिले. डोळे मिटलेले. मग म्हणाले, "जांभळाची साल. अन् मागून जरासा धूर." प्र. माझ्याकडं बघायला लागला. श्रावणापासून दादांनी कशाचीही चव अशी सांगितली नव्हती. अर्धी भाकर खाल्ली. अर्धी!

प्र. उद्या जाणार. ओतायचं कोणी? सौ. सरळ म्हणाली, "मी न्हाई बा. मला त्या वासानंच मळमळतं." राहिलो मी.

१३ नोव्हें., गुरुवार

आज मी ओतली. बाटली फार तिरकी केली, नरसाळ्यातून न जाता बाजूनं ओघळली, पांढऱ्या पायजम्यावर डाग. दुसऱ्यांदा हळू. बुडबुडा बरोबर आला. त्यासरशी वास वर आला. श्वास रोखून धरायचा ठरवलं होतं, राहून गेलं.

दादा दोन घोट. पाऊण भाकर, मेथीची भाजी.

दिवसभर गिरणीत होतो. दळण गरम निघतं. डब्यात भरून लगेच झाकलं तर पीठ कोंदट होतं, परातीत पसरून ठेवलं तर गोड राहतं. बायांना मी रोज हेच सांगतो. तसंच असेल. माल तोच, बाहेरून काही घातलं नाही. फक्त वारा.

१५ नोव्हें., शनिवार. एकादशी

अडचण.

दादांनी कप हातात घेतला आणि आज पहिल्यांदाच विचारलं, "देवाला दाखवलं का?"

आमच्या घरात देवाला दाखवल्याशिवाय तोंडात काही जात नाही. दादा बाहेर मटणाची डेग उतरवायचे, पण घरात आले की आधी नैवेद्य, मग घास. लहानपणापासून. मी म्हणालो, "औषध हाय दादा. औषधाला नैवेद्य नसतो."

"औषध असतं तर नरसाळं काहून लावलं असतं? चव लागावी म्हनून लावतोस नं? चवीनं घ्यायचं ते जेवन. ते देवाआधी मी कसं घेऊ?"

विठोबापुढं तो कप धरायची कल्पना मला करवेना. दादांनी कप खाली ठेवला. दोन घास खाल्ले, तेही माझ्याकडं बघून.

संध्याकाळी मंदिरात भजन. वीणा माझ्याकडे असते एकादशीला. उभा राहिलो. अभंग चालला होता आणि मी दादांचा तो खाली ठेवलेला कप बघत होतो.

१६ नोव्हें., रविवार

तोड सौ.नं काढली. "बांधावरचा म्हसोबा हाय नं. धनगरवाडीचे लोक दारूची धार वाहतात त्याला. आपल्याच शिवारातला देव, का त्याला देव म्हनत न्हाई तुमी?"

म्हणतो. दर वर्षी पेरणीच्या आधी नारळ फोडतो. पण धार कधी वाहिली नव्हती.

बाटली पिशवीत घालून गेलो. शेंदराच्या दगडासमोर बसलो. नुसती ओतावी तर कोंडलेली. देवाला कोंडलेली द्यायची आणि दादांना मोकळी, हे बरं वाटेना. नरसाळं लावलं. बुडबुडा.

मागून आवाज. "रंगनाथ भाऊ! देवाला बी गाळून देऊन राहिले का?" बिरा होता, मेंढरं घेऊन. धरणाकडून येत होता.

"गाळून न्हाई रे. हवा देऊन."

"म्हसोबा तर उघड्यावर बसला. त्याला का हवा कमी हाय?" आणि असा हसला की मेंढरं दचकली.

घरी आलो. दादा म्हणाले, "कोन्या देवाला?" म्हसोबाला, म्हटलं. दादा हसले. छाती हलेपर्यंत. "बराबर. त्याला चव कळते." दोन घोट घेतले. पूर्ण भाकर.

१७ नोव्हें., सोमवार

गिरणीवर कमलबाई, डोक्यावर ज्वारीची पाटी: "भावजी, म्हसोबाला विलायती पाजली म्हनं तुमी. आमच्या मालकाला पन पाजा की एक दिस." बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून. मीही हसलो. पट्टा चढवला, गिरणी सुरू केली, म्हणजे कोणाचं काही ऐकू येत नाही.

बिऱ्यानं वाईट हेतूनं सांगितलं नसणार. सांगण्यासारखीच गोष्ट होती.

१८ नोव्हें., मंगळवार

किसनबुवांचा निरोप. आमच्या भजनी मंडळाचे म्होरके. वीणा माझ्या हाती त्यांनीच दिली. उद्या मंडळ घेऊन दादांना भेटायला येणार आहेत. निरोप साधाच होता, पण मी दोनदा विचारून घेतला.

१९ नोव्हें., बुधवार

बुवा येणार म्हणून सकाळीच सगळं आवरलं. बाटली आता दादांच्या खोलीतच असते, कोनाड्यात. पोत्यांमागं न्यावी तर दळणाला येणारे जाणारे. बाटलीत उरलेली सगळी मी तांब्याच्या तांब्यात ओतली, वर फुलपात्र झाकलं, दादांच्या उशाशी ठेवला. रिकामी बाटली सरपणात. आजाऱ्याच्या उशाला तांब्या, कोणाला काय वाटणार.

मंडळी आली, बसली, चहा झाला. बुवांनी दादांच्या हाताची भगर आठवून आठवून सांगितली. कोनाड्याकडं एकदा बघितलं त्यांनी. मला तसं वाटलं.

संध्याकाळी त्याच तांब्यातून दादांना दोन घोट दिले. म्हणाले, "आज वंगाळ लागून राहिलं." पण मी समोर उभा, म्हणून प्यायले.

दिवेलागणीच्या आत उलटी. मग पुन्हा. पोटात मुरडा. डॉक्टरांना गाडीवर आणलं, इंजेक्शन दिलं. त्यांनी विचारलं, काय दिलं होतं? सांगितलं. कशात ठेवलं होतं? सांगितलं. त्यांनी तांब्या उचलून उजेडात आतून बघितला.

२० नोव्हें., गुरुवार

दादा भिंतीकडं तोंड करून. पाणी चमच्यानं.

सौ. रागावत नाही कधी. आज म्हणाली, "ताक ठेवलं असतं का तुमी तांब्यात? दही ठेवलं असतं?"

आंबट वस्तू कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवत नाहीत हे आमच्याकडं लेकराला ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. हात ओतत होता तेव्हा एकदाही आठवलं नाही. डोळ्यासमोर फक्त बुवा होते.

प्र.चा फोन. ओरडला नाही. "काका, जे काय असेल ते काचेत. आणि उघडल्यावर फार दिवस ठेवायची नाही, आंबते. लहान बाटली आणत जा."

आणत जा. म्हणजे मी आणायची.

२२ नोव्हें., शनिवार

बुवांकडं गेलो. ओसरीवर वाती वळत बसले होते. म्हटलं, "बुवा, घरात बाटली हाय. दादांसाठी. मी ओततो."

"ठाऊक हाय मला."

"बुधवारी तुमी आलात तवा लपवली होती. त्यानं दादांना तकलीफ झाली."

बुवा वात वळत राहिले. "पितोस का?"

"न्हाई."

"वास येत असंल."

"येतो."

"आवडतो का?"

असं कोणी विचारेल हे मनात आलं नव्हतं. खोटं सांगायला तोंड उघडलं होतं, खरं सांगतो. पण बुवांसमोर… म्हटलं, "आवडतो."

बुवांनी हातातली वात पूर्ण वळली. मग म्हणाले, "मी तुला वाईट म्हनत न्हाई रंगनाथा. भावाचं करायलाच पायजे. पन वीणा धरली की मानूस अख्खा तिथं पायजे. काही दिवस दुसऱ्याकडं राहू दे."

खरं आहे. गेल्या एकादशीला मी अख्खा नव्हतोच.

येताना हलकं वाटलं. घरापर्यंतच.

२४ नोव्हें., सोमवार

हिंगोली. सोयाबीनचं काम होतं मोंढ्यात, ते उरकून दुकानात गेलो. कपाळाला बुक्का तसाच होता. पुसावा असं एकदा आलं मनात. नाही पुसला.

काउंटरवरचा पोऱ्या न बघताच म्हणाला, "चाचा, देसी बाजू में मिलेगी."

"लाल वाईन. लहान बाटली."

आता त्यानं वर बघितलं. कपाळ बघितलं, माळ बघितली. "किसके वास्ते?"

"भाऊ आजारी हाय."

"हवा खिलाके देना," म्हणाला. "एकदम मत देना." मी खिशातलं नरसाळं काढून दाखवलं. का दाखवलं कोण जाणे. "वाह चाचा!" मागच्या माणसाला बोलावून दाखवलं त्यानं.

वर्तमानपत्रात गुंडाळू का विचारलं. नको म्हटलं. बसमध्ये बाटलीची मान पिशवीतून बाहेर दिसत होती. शेजारचा औंढ्यापर्यंत माझ्याकडं बघत होता, मी कालव्याकडं. तुरी पिवळ्याधमक फुलल्यात दोन्ही बाजूंनी.

दादांनी आज थोडी पेज घेतली. बाटली कोनाड्यात, सगळ्यांना दिसेल अशी. म्हसोबाकडं जाऊन आलो. दादांनी कप तोंडाशी नेला, थांबले, मला म्हणाले, "काचेतलं हाय नं?" मी मान हलवली.

२६ नोव्हें., बुधवार. चंपाषष्ठी

खंडोबाला भरीत-रोडगे. सौ.नं वांगी गोवऱ्यांच्या आरात भाजली. वास खोलीत गेला असणार. दादा भिंत धरत धरत चुलीपाशी आले. दिवाळीपासून त्या खोलीत पाय ठेवला नव्हता त्यांनी. पाटावर बसले. "ठेच. अजून ठेच. कांद्याची पात बारीक कर, सुमन."

नैवेद्याचं कधी चाखत नाहीत. दादा भंडाऱ्याला कढईवर वाकून नुसता वास घ्यायचे आणि मीठ टाकायचे. आज परातीवर वाकले. "मीठ कमी हाय." सौ.नं टाकलं चिमूटभर. नैवेद्य झाला, मी पहिला घास घेतला. बरोबर होतं.

दोन घोट, मग रोडगा आणि भरीत. विचारलं, "लागतंय का?"

"अर्धं लागतंय."

"कोनतं अर्धं?"

"तिखट. गोडाचं अजून न्हाई."

२८ नोव्हें., शुक्रवार

सौ.नं नरसाळं धुऊन उन्हात ठेवलं होतं, सापडेना. तशीच ओतून दिली. दादांनी घोट घेतला न घेतला, "आज कोंडलेली हाय." मी सांगितलंच नव्हतं! म्हणजे जिभेला कळतंय.

मग चहा गार करतात तसं केलं. दोन काचेचे पेले, एक वर, एक खाली, या पेल्यातून त्या पेल्यात. हात चांगला उंच नेला. दादा प्याले, म्हणाले, "आता बरी. पन निम्मी जमिनीनं पेली."

नरसाळं शेळीच्या गव्हाणीत सापडलं. रबराला दात लागलेत, चालतंय.

ही जीभ वाईननं परत येतेय, का सलाईन संपून दिवस झाले म्हणून, का आणखी कशानं, मला कळत नाही. प्र.लाही नाही. डॉक्टरांना विचारणार नाही.

१ डिसेंबर, सोमवार. एकादशी

सकाळी गिरणीवर बुवांचा नातू निरोप घेऊन आला. आज वीणा घ्यायला या. दादा जेवतात असं कळलं, आनंद झाला. बाटलीचं काम मात्र आता घरातल्या दुसऱ्या कोणी करावं.

म्हणजे सौ.नं. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "मी ओतते. तुमी जा. म्हसोबाकडं बी मीच जाऊन येते." मळमळतं ना तुला? "नाकाला पदर लावते. भजन नसलं की तुमचा जीव कसा होतो ते बघत न्हाई का मी?"

दिवस कलताना तिनं ओतली. पदर नाकाला, हात लांब. मी उंबऱ्यात उभा होतो. बाटली फार तिरकी धरली होती. "जरा सरळ," म्हणणार होतो, नाही म्हणालो. बुडबुडा ऐकू आला आणि मी निघालो. तिथून निघायला माझा पाय जड का झाला, हे इथं तरी लिहून ठेवतो. दादांसाठी तर झालाच. पण सगळा दादांसाठी नाही.

मंदिरात टाळ सुरू झाले होते. बुवा वीणा घेऊन उभे. पुढं केली. "घे."

म्हटलं, "हात धुऊन येतो."

हापशावर धुतले. आज बाटलीला मी हातही लावला नव्हता. बोटांना वास असण्याचं कारण नव्हतं. तरी हुंगून बघितलं. नव्हता. पुन्हा बघितलं.

परत आलो आणि टाळकऱ्यांच्या रांगेत, शेवटी उभा राहिलो. बुवांनी माझ्याकडं बघितलं. वीणा दुसऱ्या कोणाला दिली नाही, स्वतःच्याच गळ्यात घातली. थकलेत ते, जास्त वेळ उभं राहवत नाही. तरी उभे राहिले.

घरी आलो तेव्हा दादा जेवून टेकले होते. सौ. म्हणाली, अख्खी भाकर झाली, वर भाजी मागून घेतली. परवा निघायचं नांदेडला. वजन काय दाखवतं बघू.

"घेतलीस का वीणा?" दादांनी विचारलं.

"अजून न्हाई."

"बरं," म्हणाले. थोडं थांबून, "सुमनच्या हातानं बुडबुडा कमी येतो रे. उद्या तूच ओत."

सौ. हसली. मी देवाजवळ निरांजन लावलं, माळ हातात घेऊन बसलो.

उद्या बारस. उपास सोडायचा.